खडी क्रशरच्या मागे लागलेल्या भावाला धमकी आलीय. त्याला थांबवू की साथ देऊ?

धाकटी_खराडी · मंगळवार, रात्री १०:४२

मोठं लिहिणार आहे, सांभाळून घ्या. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही. कुणी ओळखलंच तर खाली लिहू नका, हात जोडून विनंती.

मी खराडीत नोकरी करते. माहेर पुण्यापासून दीड-दोन तासांवर. चार एकर जमीन, कांदा आणि थोडं डाळिंब. शेताच्या वरच्या अंगाला डोंगर, डोंगराच्या पोटात दगडखाण आणि पायथ्याला खडी क्रशर. आधी एक होतं, आता तीन झालेत. परवाना एका गटाचा आणि खोदकाम शेजारच्या गायरानात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण तहसीलला जाऊन सांगायचं कुणी?

तर ते माझा दादा सांगतो. बारावी शिकलेला, आधी एमआयडीसीत कंत्राटी कामगार होता, आता पूर्णवेळ शेती. कुठल्या संघटनेत नाही की पक्षात नाही. पुतणीची जुनी वही घेतलीय, वर अजून ‘विषय : भूमिती’ लिहिलेलं आहे. तिच्यात तो गाड्या लिहितो. हायवाचा, म्हणजे मोठ्या डंपरचा नंबर, वेळ, ताडपत्री होती का, माल कुठल्या बाजूला गेला. घराच्या मागच्या भिंतीला सुरुंगांनी तडे गेलेत, त्या तड्यांवर त्यानं काचेच्या अरुंद पट्ट्या सिमेंटनं चिकटवल्यात. सुरुंग उडाला आणि काच तडकली की त्या दिवशीचा पेपर शेजारी धरून फोटो काढतो. ही युक्ती त्याला एका गवंड्यानं शिकवली. डाळिंबाच्या पानावर बोट फिरवलं तर बोट पांढरं होतं, त्याचेही फोटो आहेत. तहसीलदार, प्रदूषण मंडळ, जिल्हा खनिकर्म, सगळीकडं अर्ज गेलेत. सगळ्या अर्जांवर एकच सही, त्याची.

मध्यंतरी क्रशरवाल्याचा माणूस घरी आला. दादा शेतावर होता. आईच्या पाया पडला, पेढ्यांचा पुडा दिला, चहा घेतला. जाताना चपला घालता घालता म्हणाला, “काकू, दादांना सांगा, रात्रीचं टू-व्हीलरवर फिरू नका. आपल्या रस्त्यावर हायवा कशा चालतात तुम्हाला माहितीच आहे. ड्रायव्हर लोक पितात, आम्ही कुणाकुणावर लक्ष ठेवायचं?” एवढंच. आईनं पेढे म्हशीला घातले. त्यानंतर एका संध्याकाळी बिननंबरची हायवा ओढ्यापर्यंत दादाच्या मागं मागं आली. हॉर्न नाही, ओव्हरटेक नाही, नुसती मागं. दादा ठाण्यात गेला तर ठाणे अंमलदार हसले. पेढे देणं कुठल्या कलमात बसतं म्हणे. हो-ना करत एनसी, म्हणजे अदखलपात्र तक्रार, लिहून घेतली आणि कागद हातात दिला.

आता वहिनी मला फोन करून रडतात. “ताई, ते तुमचंच ऐकतात, तुम्ही सांगा.” आई म्हणते त्याला पुण्याला घेऊन जा, वॉचमनची नोकरी लाव पण ने. आणि माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं एक फॉरवर्ड पाठवलं, खाणींना विरोध करून मारल्या गेलेल्या माणसांची यादी, फोटोसकट. अमित जेठवा, शेहला मसूद, वाल्सा जॉन, सतीश शेट्टी. ते वाचल्यापासून झोप नाही.

मला भाषण नकोय. ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी सांगा, अशा माणसाला खरंच काही संरक्षण मिळतं का? एनजीटी, म्हणजे राष्ट्रीय हरित लवाद, पुण्यातच आहे म्हणतात, तिथं गेलं की धोका कमी होतो की वाढतो? आणि मी इथं बसून काय करू शकते, ‘जपून राहा’ म्हणण्यापलीकडं?

बायपास_बंटी · रात्री ११:०५

ताई, कडू बोलतो, राग मानू नका. खराडीतले टॉवर कशाचे बांधलेत? वाघोली, भावडी, लोणीकंद, मोशीचे डोंगर फोडले म्हणून हे पुणं उभं आहे. मेट्रो झाली, रिंगरोड होतोय, सगळ्याला खडी लागते. वेताळ टेकडीवरचं तळं म्हणजे तरी काय, जुनी खाणच. आता लोक तिथं सेल्फी काढतात. एकट्यानं भांडून आजवर कुणाचं भलं झालंय? दादांना म्हणावं जमिनीला भाव आहे तोवर देऊन टाका आणि मोकळे व्हा. जीव राहिला तर बाकी सगळं.

धाकटी_खराडी · रात्री ११:११

जमिनीला गिऱ्हाईक एकच आहे. पेढे ज्यानं पाठवले तोच.

निवृत्त_मंडळअधिकारी · बुधवार, सकाळी ६:५०

ताई, माझी सगळी नोकरी महसुलात गेली. तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो. तेव्हा भावनेचं न बोलता हिशोबाचं बोलतो, कारण हे लोक हिशोबानंच चालतात.

दगड, खडी, मुरूम, वाळू ही गौण खनिजं. मोजतात ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि एका हायवात चार-पाच ब्रास माल सहज जातो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम ४८ पोटकलम (७) काढून वाचा. विनापरवाना काढलेल्या मालावर बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड. पुढचं पोटकलम वाहनं आणि यंत्रसामग्री जप्त करण्याचं. आता खाणीची ईटीएस या मोजणीच्या मशीननं मोजणी झाली समजा. खड्ड्याचं घनफळ येतं, त्यातून स्वामित्वधन (रॉयल्टी) भरलेले ब्रास वजा केले की उरतो तो चोरीचा माल. अनेक वर्षांच्या खड्ड्याला हे गणित लावलं की आकडा कोटीत जातो. तुमच्या दादाची वही त्यांना तेवढी डाचत नसणार. गाड्यांचे नंबर काय, उद्या दुसऱ्या गाड्या आणतील. त्यांना मोजणीचा अर्ज डाचतोय. त्यानं मोजणी मागितली आहे का, ते आधी विचारा. माझी खात्री आहे, मागितली असणार, आणि पेढे त्यानंतरच आले असणार.

दुसरं. अर्ज आवक-जावकला पडला की त्याची झेरॉक्स संध्याकाळच्या आत क्रशरवर पोहोचते. मी ज्या ज्या कचेऱ्यांत बसलो तिथं हे बघितलं, नवल वाटेनासं झालं. त्यामुळं ‘गुपचूप अर्ज करतो’ हा भ्रम ठेवू नका. एका सहीच्या अर्जाचा अर्थ त्यांच्या भाषेत असा होतो: हा एक गडी बसवला की फाइल बसली. धोका इथं आहे. अर्जावर साठ सह्या असत्या तर कुणाला पेढे देणार होते?

आणि वर्दीची किंवा खुर्चीची भीती या लोकांना फार असते असं समजू नका. मध्य प्रदेशात मोरेना जिल्ह्यात मार्च २०१२ मध्ये नरेंद्र कुमार या तरुण आयपीएस अधिकाऱ्यानं दगडाचा ट्रॅक्टर अडवला, तर त्याच्याच अंगावर घातला. हरियाणात नूहला जुलै २०२२ मध्ये सुरेंद्र सिंह या डीएसपीला डंपरनं चिरडलं. आमच्याकडंही वाळूच्या गाड्या अडवताना तलाठी नदीच्या चरात उड्या मारून वाचलेले मला माहीत आहेत. मग एनसीचा कागद खिशात घालून फिरणाऱ्या शेतकऱ्याचं काय?

तेव्हा माझं मत. थांबवू नका, पण एकटं ठेवू नका. मोजणी लवकर करून घ्या. एकदा अहवाल फाइलला लागला की माणसाला गप्प करून त्यांच्या हाती काही लागत नाही.

तळेगावकर · सकाळी ८:२०

शेवटच्या वाक्याबद्दल शंका आहे साहेब, पण आधी सतीश शेट्टींबद्दल, कारण आम्ही त्यांना रोज बघायचो.

त्या फॉरवर्डमध्ये त्यांना खाणविरोधी म्हटलंय, ते चूक. त्यांनी एक्स्प्रेसवेच्या दोन्ही बाजूंच्या जमिनींचे व्यवहार माहिती अधिकारात बाहेर काढले. खडी असो की सातबारा, पैसा तोच म्हणा. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना तळेगावात, भर वस्तीत वार केले. त्याआधी त्यांनी पोलीस संरक्षण मागितलं होतं. मिळालं नव्हतं. मग मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, तपास सीबीआयकडं गेला, एकदा बंद केला, पुन्हा उघडला, आणि २०१८ मध्ये सीबीआयनं पुन्हा तपास बंद करायचा अहवाल दिला. इतकी वर्षं खेटे घातले ते त्यांच्या भावानं.

तुम्ही धाकट्या बहीण आहात म्हणून हे मुद्दाम लिहिलं. आमच्या गावात तेव्हा सगळ्यांना सगळं माहीत होतं. सतीशभाऊ रोज कितीला निघतात, कुठल्या रस्त्यानं जातात, पेपर कुठं घेतात. पाळत ठेवणाऱ्याला काही करावंच लागलं नाही. दादांची क्रशरकडं चक्कर मारायची, डेअरीला जायची वेळ ठरलेली असेल तर ती मोडा. साधी गोष्ट आहे, पण शेतकऱ्याला सगळ्यात जड हीच जाते, कारण म्हशीला वेळ कळते.

राजापूरकर_सध्या_सिंहगडरोड · सकाळी ९:३५

मी वृत्तपत्रात काम करतो, म्हणून ती यादी जरा झाडून घेतो. यादी चुकीची असली की समोरच्याला ‘हे सगळे रडगाणंच गातात’ म्हणायला फावतं.

शेहला मसूद यांना भोपाळमध्ये ऑगस्ट २०११ मध्ये घरासमोर गोळी घातली. त्या वाघांसाठी आणि हिऱ्यांच्या खाणीविरुद्ध बोलत होत्या, त्यामुळं पहिल्या दिवसापासून तो खाणीचा खून म्हणून गाजला. पण २०१७ मध्ये सीबीआय न्यायालयानं शिक्षा दिली ती वैयक्तिक द्वेषातून केलेल्या खुनाला. ते नाव या यादीतून काढा. वाल्सा जॉन यांचं नाव राहू द्या. झारखंडच्या पाकुड जिल्ह्यात कोळशाच्या खाणीनं उठवल्या जाणाऱ्या संथाळ लोकांबरोबर त्या राहत होत्या, नोव्हेंबर २०११ मध्ये जमावानं रात्री घरात घुसून मारलं.

अमित जेठवांचं प्रकरण मात्र नीट समजून घ्या, कारण वर मंडळ अधिकारी साहेब म्हणतात ते तिथं अडतं. गीरच्या जंगलालगतच्या बेकायदा खाणींविरुद्ध त्यांनी गुजरात उच्च न्यायालयात याचिका टाकली होती. २० जुलै २०१० ला, त्याच न्यायालयासमोर, वकिलाला भेटून बाहेर पडताना गोळ्या घातल्या. म्हणजे कागद न्यायालयात पोहोचल्यावर, निकालाच्या आधी. तो मधला काळ फार वाईट. पुढं खटल्यात १९५ पैकी १०५ साक्षीदार फितूर झाले, वडिलांनी पाठपुरावा केला म्हणून उच्च न्यायालयानं खटला नव्यानं चालवायला लावला, २०१९ मध्ये माजी खासदारासह सात जणांना जन्मठेप झाली, आणि मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयात सगळे सुटले. तपासावर ताशेरे मारून सुटले. म्हणून ‘नंतर न्याय मिळेल’ हे गृहीतच धरू नका. जे काय करायचं ते आत्ता, माणूस हिंडता-फिरता असताना.

पेढेवाल्याच्या ‘हायवा’बद्दल. ते हलक्यात घेऊ नका, ही या धंद्यातली ठरलेली रीत आहे. भिंडला मार्च २०१८ मध्ये वाळूवर बातम्या करणारा पत्रकार संदीप शर्मा ट्रकखाली गेला. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात जानेवारी २०२५ मध्ये जगबर अली या माणसानं बेकायदा दगडखाणींच्या तक्रारी केल्या, त्यांच्या स्कूटरला टिपरनं उडवलं. आधी अपघात वाटला, मग खाणमालकांना अटक झाली. दादासारखंच प्रकरण आहे ते, दगड आणि अर्ज. आमच्या राजापूरला फेब्रुवारी २०२३ मध्ये पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीवर गाडी घातली. विषय खाणीचा नव्हता, रिफायनरीचा होता. गाडी चालवणाऱ्याविरुद्धची त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. पोलिसांनी खुनाचं कलम लगेच लावलं नव्हतं, पत्रकार रस्त्यावर आले तेव्हा लागलं. अपघात दाखवणं सोपं असतं, दारू प्यालेला ड्रायव्हर दाखवणं त्याहून सोपं. त्या माणसानं तुमच्या आईसमोर सबब आधीच तयार करून ठेवलीय. म्हणूनच ते वाक्य शब्दशः, तारीख-वेळ घालून आईच्या नावानं लेखी द्या. उद्या काही झालं तर ‘अपघात’ म्हणायला त्यांना जड जाईल, आणि आज त्यांना तो कागद दिसला तर हात आखडतील.

जगाचं म्हणाल तर ग्लोबल विटनेस ही संस्था दरवर्षी मोजदाद करते. २०२३ मध्ये जगभरात जमीन आणि पर्यावरणासाठी लढणारे १९६ जण मारले गेले, त्यात एकट्या कोलंबियात ७९. उद्योग ठरवता आला त्यांत सगळ्यात जास्त, २५, खाणकामाचे. आपल्याकडचे ट्रकखाली गेलेले त्यात किती मोजले जात असतील याचा विचार करा.

पण एक गोष्ट त्या यादीत नसते. दक्षिण आफ्रिकेत झोलोबेनी म्हणून किनाऱ्यावरचा भाग आहे, तिथल्या वाळूत टायटॅनियम. ऑस्ट्रेलियन कंपनीला खाण हवी होती. गावकऱ्यांच्या समितीचे अध्यक्ष सिखोसिफी राडेबे यांना मार्च २०१६ मध्ये पोलीस असल्याची बतावणी करून आलेल्यांनी घराबाहेर गोळ्या घातल्या. पण दावा समितीचा होता, एका माणसाचा नव्हता. नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रिटोरियाच्या न्यायालयानं सांगितलं, गावकऱ्यांच्या संमतीशिवाय खाणीचा हक्क देता येणार नाही. माणूस गेला तो गेलाच. पण त्याला मारून मिळवायचं होतं ते मिळालं नाही.

वकीलबाई_शिवाजीनगर · दुपारी १:१५

जेवायच्या सुट्टीत लिहितेय, तुटक वाटेल.

संरक्षण मिळतं का? खरं सांगते, कायद्यात आहे त्यापेक्षा हातात कमी पडतं. जागल्यांना, म्हणजे गैरप्रकार उघड करणाऱ्यांना, संरक्षण देणारा कायदा २०१४ मध्ये संसदेनं केला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो अंमलातच आणलेला नाही. तेव्हा कुणी त्या कायद्याचा हवाला देत असेल तर पुढं चला. साक्षीदार संरक्षण योजना २०१८ ची आहे, सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती देशभर लागू केली. अर्ज जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडं करायचा, पोलिसांनी धोक्याचा अहवाल द्यायचा. पण ती गंभीर गुन्ह्यातल्या साक्षीदाराला. नुसत्या एनसीवर उपयोग नाही.

म्हणून आधी एनसीचा एफआयआर व्हायला हवा. ठाण्यात नाही म्हणाले तर तीच तक्रार लेखी, पोस्टानं, पोचपावतीसह पोलीस अधीक्षकांना. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३(४). तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकारी. तक्रारीत ‘धमकी दिली’ असं मोघम लिहू नका. राजापूरकर म्हणाले तसं वाक्य जसंच्या तसं लिहा, पेढ्यांसकट. आणि त्याच तक्रारीत पोलीस संरक्षणाची मागणी वेगळ्या परिच्छेदात करा. तळेगावचं उदाहरण देऊन करा, मी देते. पोलीस त्या परिच्छेदावर बोट ठेवून थांबतात, हा अनुभव आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगात अशा कार्यकर्त्यांच्या तक्रारींसाठी वेगळा अधिकारी नेमलेला आहे, एक प्रत तिकडं.

एनजीटी. महाराष्ट्र, गुजरात, गोव्याचं खंडपीठ पुण्यात आहे हे खरं. भरपाई मागायची नसेल तर फी हजार रुपये, वकील नसला तरी स्वतः उभं राहता येतं. मुदतीकडं लक्ष द्या, लोक तिथंच मार खातात. एनजीटी कायद्याच्या कलम १४ खाली सहा महिने, तेही कारण पहिल्यांदा घडलं तेव्हापासून. ‘खाण अनेक वर्षांपासून आहे’ असं लिहिलंत की समोरचा वकील तेच पकडतो. कलम १५ खाली, म्हणजे नुकसानभरपाई आणि जागा पूर्ववत करण्यासाठी, पाच वर्षं.

धोका वाढतो की कमी होतो? अर्ज टाकल्यापासून मोजणी किंवा पाहणीचा आदेश होईपर्यंत वाढतो. जेठवांचं वर आलंच आहे. त्यानंतर कमी होतो, कारण पाहणी समिती सरकारी असते आणि तिचा अहवाल गावातला कुणी गिळू शकत नाही. मधला काळ छोटा करणं आणि त्या काळात दादांना पुढं न ठेवणं, एवढंच आपल्या हातात. अर्जदार म्हणून पहिलं नाव दादांचं नको. गावातल्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचं, बायकांच्या बचत गटाचं, ग्रामसभेचा ठराव मिळाला तर सोन्याहून पिवळं.

आता तुमचं काम, ताई. हे सगळं तुम्ही खराडीत बसून करू शकता:

माहिती अधिकाराचा अर्ज देशातला कुठलाही नागरिक करू शकतो. दादांनी का करायचा? तुमच्या ऑफिसातल्या चार जणांनी चार वेगवेगळे करू देत. पत्ता द्यायची भीती वाटत असेल तर पोस्ट बॉक्स क्रमांक चालतो, कोलकाता उच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तसं सांगितलंय. मागा काय? खाणपट्ट्याचा नकाशा कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशांसह, आणि पर्यावरण मंजुरी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ च्या दीपक कुमार निकालापासून पाच हेक्टरच्या आतल्या खाणीलाही मंजुरी लागते. ते कोपरे गुगल अर्थवर टाका आणि मागच्या वर्षांची छायाचित्रं एकेक करून बघा. खोदकाम पट्ट्याच्या बाहेर केव्हा गेलं ते वर्षासकट दिसतं. त्यासाठी कुणाला संध्याकाळी क्रशरकडं चक्कर मारायला लागत नाही.

सुरुंगाची तक्रार तहसीलदारांकडं घालून बसू नका, तो त्यांचा विषयच नाही. खाण सुरक्षा महासंचालनालय आणि स्फोटकांसाठी पेसो, हे केंद्राचं नागपूरचं कार्यालय. काचेच्या पट्ट्यांचे फोटो तिथं कामाला येतील. काय डोकं आहे हो तुमच्या दादांचं.

निवृत्त_मंडळअधिकारी · दुपारी २:४०

मॅडम, मधल्या काळाचा मुद्दा मान्य. मी कचेरीच्या आतून बघत होतो, तुम्ही बाहेरून.

ग्रामसभेच्या ठरावाबद्दल मात्र सावध करतो. निम्मं गाव क्रशरवर कामाला असतं. कुणाचा पोरगा ड्रायव्हर, कुणाचा ट्रॅक्टर भाड्यानं लावलेला, देवळाच्या सभामंडपाचं सिमेंट त्यांनीच दिलेलं. ठराव मांडला आणि पडला तर तोच कागद एनजीटीत तुमच्याविरुद्ध येईल. आधी आतून चाचपा. ज्यांच्या विहिरी आटल्यात आणि ज्यांच्या भिंती तडकल्यात, त्यांच्या घरातल्या बायकांना विचारा. पुरुष पारावर बसून मिंधे झालेले असतात.

धाकटी_खराडी · बुधवार, रात्री ९:५५

सगळ्यांचे आभार नंतर मानते, आधी सांगते काय झालं.

दादाला फोन केला, स्पीकरवर आई आणि वहिनी. मोजणीचा अर्ज? हो, दिलाय. आणि पेढे त्यानंतरच्याच आठवड्यात आले. साहेब, तुमचं बरोबर निघालं, अंगावर काटा आला.

त्याला ती झोलोबेनीची गोष्ट वाचून दाखवली. तो म्हणाला, “मला हुतात्मा व्हायचं नाही गं. मला माझी विहीर पाहिजे आणि पोरीला रात्री खोकला नको.” मग म्हणाला, सह्या मागायला लाज वाटते, लोक म्हणतील ह्याला पुढारी व्हायचंय. यावर वहिनी, ज्या कालपर्यंत रडत होत्या, एकदम म्हणाल्या, “सह्या मी आणते. हळदी-कुंकवाला घरोघरी जाते, तेव्हा कोण काय म्हणतं?” फोनवर दोन मिनिटं कुणी बोललंच नाही.

आई उद्या स्वतःच्या अंगठ्यानं लेखी जबाब देणार आहे. पेढ्यांचा रिकामा पुडा तिनं टाकला नव्हता, फडताळात ठेवलाय, दुकानाचं नाव आहे त्याच्यावर. माझ्या टीममधली तिघं माहिती अधिकाराचे अर्ज करायला तयार झाली. आणि दादाला संध्याकाळनंतर टू-व्हीलर बंद, ही माझी अट, ती त्यानं कुरकुरत मान्य केलीय. गाड्यांची वही बंद करणार नाही म्हणतो.

बायपास_बंटी · रात्री १०:३०

ताई, काल बोललो ते बोललो. आता एक सांगतो, माझं नाव कुठं घेऊ नका. आमच्या घरात दोन हायवा आहेत.

वहीत नुसता नंबर आणि वेळ लिहून उपयोग नाही. ‘महाखनिज’ या सरकारी वेबसाइटवर गाडीचा नंबर टाकला की त्या गाडीचा वाहतूक परवाना त्या वेळी निघाला होता का ते कळतं. परवान्याला मुदत असते, तासांत. एका परवान्यावर तीन-तीन खेपा मारतात, सगळा खेळ तोच. दादांनी गाडी बघितली की वेळ तुम्हाला कळवायची आणि तुम्ही तिथल्या तिथं स्क्रीनशॉट काढायचा. नंतर बघितलं तर हाती लागत नाही. गौण खनिजाच्या गाड्यांना जीपीएस सक्तीचा केलाय, त्याची नोंदही माहिती अधिकारात मागा. आणि ती बिननंबरची हायवा मागं आली म्हणता, तिचा रंग, केबिनवर काय लिहिलंय, मागच्या फळीवर कुठलं चित्र, हे आठवत असेल तर लिहून ठेवा. नंबर काढला तरी फळी कुणी रंगवत नाही. ड्रायव्हर लोक एकमेकांच्या गाड्या फळीवरूनच ओळखतात.

धाकटी_खराडी · रात्री १०:३८

फळीवर मोर होता. दादानं त्या रात्रीच लिहून ठेवलंय.

वकीलबाई_शिवाजीनगर · रात्री ११:०२

मोराचं तक्रारीत घाला. सह्यांच्या कागदावर आधार क्रमांक किंवा फोन नंबरचा रकाना ठेवू नका, फक्त नाव, वय, गट क्रमांक आणि सही. दोन प्रती करा, एक तुमच्याकडं पुण्यात. आईंचा अंगठा असेल तर शेजारी दोन साक्षीदार हवेत, घरातले नकोत. वहिनी सह्या घ्यायला एकट्या जायच्या नाहीत. शुक्रवारी चारनंतर मी शिवाजीनगर कोर्टात मोकळी आहे, अधीक्षकांच्या नावाचा मसुदा घेऊन या.